लाखातल्या एकाचा कैवार

'लाखात एक' हा मराठीतला कौतुकाचा शब्दप्रयोग. उपवर मुलीबद्दल, परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाबद्दल तो सहज तोंडी येतो. वैद्यकाच्या हिशेबात मात्र लाखात एक असण्याएवढे दुर्दैव नाही. रोग पुष्कळांना होत असला की त्याचे औषध निघते, त्याचा तज्ज्ञ तालुक्याला येतो, त्याच्या नावाने सरकारी मोहीम निघते आणि शाळांच्या भिंतींवर घोषणा रंगवल्या जातात. तो मूठभरांना होत असला की यातले काहीच घडत नाही. आणि ते घडावे असे म्हणणाराही सहसा कोणी नसतो.

येवल्याचा हिशेब मांडून पाहावा. पैठणीसाठी आणि संक्रांतीच्या पतंगांसाठी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेल्या या गावाची वस्ती २०११ च्या जनगणनेत पन्नास हजारांच्या आसपास होती. हिमोफिलियाचा, म्हणजे जखमेतले रक्त न गोठण्याच्या रोगाचा, प्रमुख प्रकार साधारणपणे पाच हजार मुलग्यांमागे एकाला असतो. त्या मानाने येवल्यात त्याचे चार-पाच रुग्ण निघावेत. पाठीच्या कण्यातील मज्जापेशी मरत जाऊन स्नायू लुळे पडतात तो 'एसएमए' हा रोग सुमारे दहा हजार जन्मांमागे एकाला होतो. गावात वर्षाकाठी हजारभर मुले जन्मतात असे धरले तर दहा वर्षांतून असे एक मूल. यकृत, प्लीहा आणि हाडे यांत एक प्रकारचा मेद साठत जाणारा 'गोशे' हा रोग चाळीस ते साठ हजारांत एकाला. म्हणजे सारे गाव धुंडाळले तरी फार तर एक रुग्ण. दुसरा शोधायचा तर मालेगाव किंवा कोपरगाव गाठावे लागेल, आणि तिथेही तो सापडेलच असे नाही.

या एका आकड्यात त्या कुटुंबाची सारी कथा आली. शेजारीपाजारी कोणाच्या मुलाला 'तेच' झालेले नसते. तालुक्यातील डॉक्टरने तो रोग पुस्तकात कधीतरी वाचलेला असतो. आयुष्यभराच्या व्यवसायात एखादा रुग्ण समोर आला तर आला. मुलाचे पोट फुगते, रंग फिकट पडतो. जंताचे औषध होते, काविळीचे होते, मुडदुसाचे होते, मग देवऋषी होतो. नाशिक होते, मुंबई होते. रोगाला नाव मिळेपर्यंत तीन-चार वर्षे सहज जातात आणि तोवर घरातला दागिना सराफाकडे गेलेला असतो. विरळ म्हणता येतील असे सहा-सात हजार रोग वैद्यकाला ठाऊक आहेत. त्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के आनुवंशिक आहेत, म्हणून त्यांचा घाला मुख्यतः मुलांवर पडतो. आणि ज्यांच्यावर काही मान्य उपचार आहे असे रोग शेकडा पाचही नाहीत. एकेकटा रोग विरळ आहे, पण सगळे मिळून त्यांचे रुग्ण विरळ नाहीत. हा साधा विरोधाभास राज्यकर्त्यांच्या ध्यानी येण्यास कित्येक वर्षे लागली.

तो ध्यानी आणून दिला तो बहुतेक ठिकाणी डॉक्टरांनी नव्हे, आणि पुढाऱ्यांनी तर नव्हेच. तो आणून दिला आईबापांनी. इंग्रजीतील 'अॅडव्होकेट' या एका शब्दात जे दोन अर्थ आहेत ते मराठीने वेगळे ठेवले आहेत. वकील फी घेऊन बाजू मांडतो. कैवारी बाजूच घेतो. विरळ रोगांच्या रुग्णांना आजवर मिळाले ते प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारच्या माणसांमुळे. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरेच. परंतु ज्यांचे जळत नाही त्यांना ते कळवणे ही निराळी विद्या आहे, आणि ती दुःखाबरोबर आपोआप येत नाही. आपल्या मुलासाठी दारोदार फिरणारा बाप हा बाप असतो. दुसऱ्याच्या मुलाचा कागद स्वतःच्या मुलाच्या कागदाला जोडून तो कचेरीत जातो तेव्हा तो कैवारी होतो.

नागपूरचे संपत रामटेके हे या परिवर्तनाचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण. स्वतःच्या मुलाला सिकलसेल असल्याचे कळल्यावर त्यांनी 'सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया' उभी केली. विदर्भातील खेड्यापाड्यांत या रोगाची जाणीव निर्माण करण्यात पंचवीस वर्षांहून अधिक काळ घालवला आणि सिकलसेलग्रस्तांना अपंगांच्या कायद्यात स्थान मिळावे म्हणून सतत पाठपुरावा केला. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सिकलसेल हा देशाच्या हिशेबात विरळ रोग नव्हे. मध्य भारतातील आदिवासी आणि दलित समाजांत तो मोठ्या प्रमाणावर आहे. पण ज्या सदनात आणि ज्या मंत्रालयात निर्णय होतात तेथील माणसांच्या घरात तो विरळ होता, आणि उपेक्षेला तेवढे पुरते. भारतात या रोगाची नोंद १९५२ साली झाली. त्याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली. मधल्या एकाहत्तर वर्षांचा काही वाटा तरी शास्त्राच्या अपुरेपणाकडे जातो. बाकीचा मोठा वाटा कोणाकडे जातो, हे निराळे सांगायला नको.

हिमोफिलियाची कथा याच जातीची आहे. स्वतः या रोगाचे तीव्र रुग्ण असलेल्या अशोक बहादूर वर्मा यांनी १९८३ साली दिल्लीत हिमोफिलिया फेडरेशनचा पाया घातला. त्या काळी रक्त गोठवणारा घटक परदेशातून मागवावा लागे आणि तो ज्याला परवडेल त्याचाच गुडघा शाबूत राही. इतरांना बर्फ, विश्रांती आणि रक्तद्रव यांवर भागवावे लागे. वारंवार सांध्यात रक्त साचून पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचा पाय वाकडा होऊन बसे. आज नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात हिमोफिलियाचे दिवस-उपचार केंद्र आहे. २०१३ च्या सुमारास राज्यातील ज्या थोड्या जिल्ह्यांत अशी केंद्रे निघाली त्यांत नाशिक होते. येवल्याच्या मुलाचा घोटा सुजला तर त्याला आता एसटीने नाशिक गाठता येते आणि घटक मोफत मिळतो. ही सोय कोणा मंत्र्याला स्वप्नात सुचलेली नाही. तिच्यामागे तीस वर्षांचे अर्ज आहेत.

कायद्यातले स्थान आणि त्यातली फट

या कैवाऱ्यांच्या पदरी पडलेले सर्वांत मोठे यश म्हणजे २०१६ चा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा. पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ते एकवीस झाले. आणि त्यांत हिमोफिलिया, थॅलेसेमिया व सिकलसेल हे रक्ताचे तीन विकार आले, स्नायुक्षयही आला. ज्यांचे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही अशांना प्रथमच कायद्याने ओळखले. शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी येथे एक तपशील ध्यानात ठेवावा असा आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत पाच टक्के जागा चाळीस टक्क्यांहून कमी नाही एवढे अपंगत्व असणाऱ्या सर्वांसाठी राखीव आहेत. रक्तविकारग्रस्तांनाही त्या खुल्या आहेत. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के जागा मात्र ज्या गटांसाठी ठेवल्या त्यांत स्नायुक्षय आहे, रक्तविकार नाहीत. म्हणजे हिमोफिलियाच्या मुलाने राखीव जागेवर पदवी घ्यावी आणि मग नोकरीच्या रांगेत धडधाकटांबरोबर उभे राहावे. कायदा करणाऱ्यांच्या मनात यामागे काही तर्क असेलही. तो रुग्णांना अद्याप कोणी पटवून दिलेला नाही.

शिवाय कायद्यात नाव येण्याचा लाभ त्यांनाच झाला ज्यांची संघटना होती. गोशेचे, पॉम्पेचे, म्युकोपॉलिसॅकॅरिडोसिसचे रुग्ण त्या यादीत आपापल्या नावाने नाहीत. शेवटचे नाव तर अर्जात लिहितानाच निम्मा उत्साह संपावा. ज्या रोगाचा उच्चार तहसीलदाराला करता येत नाही त्याच्या रुग्णाला दाखला मिळवणे किती अवघड जाते, हे कचेरीतल्या कोणाही कारकुनाला विचारावे.

आणि कैवार घेतला म्हणजे तो योग्य जागी पोहोचतोच असेही नाही. डॉ. अभय बंग यांनी स्वतःच सांगितलेली हकीकत या बाबतीत बोलकी आहे. गडचिरोलीच्या आदिवासींत सिकलसेल आहे हे त्यांनी व डॉ. राणी बंग यांनी शास्त्रशुद्ध पाहणी करून दाखवले. शासनाने दखल घेतली. पण त्यातून जे केंद्र निघायचे ते गडचिरोलीला न जाता पुण्याकडे गेले. आणि आदिवासींना विचारले तेव्हा कळले की ही त्यांच्या मनातली निकड नव्हतीच. संशोधकांना वाटली ती निकड होती. स्वतःच्या कामाविषयी एवढे परखड बोलणारे लोक थोडे. यातून कोणी असा अर्थ काढू नये की तज्ज्ञाने गप्प बसावे. पण ज्यांचा प्रश्न आहे त्यांचा आवाज त्यात नसला की केंद्राची इमारत कोणत्याही गावी जाऊ शकते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी ज्या गावी डॉ. आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली त्या येवल्याला हे नव्याने समजावण्याची गरज नसावी.

अनाथ औषधांचा कायदा

विरळ रोगांच्या चळवळीचा जागतिक आरंभ सांगायचा तर अमेरिकेतील अॅबी मायर्स या गृहिणीपासून सांगावा लागतो. त्यांच्या मुलाला टुरेट हा मज्जाविकार होता. चाचणीच्या टप्प्यावर असलेल्या एका औषधाने त्याला गुण येत होता. पण गिऱ्हाईक थोडे म्हणून कंपनीने त्या औषधाचा नाद सोडला. आई स्वस्थ बसली नाही. निरनिराळ्या रोगांच्या मुलांचे पालक तिने गोळा केले. प्रत्येक रोगाचे पालक वेगवेगळे बोलले तर ते शेदोनशे ठरतात. सारे एका नावाखाली आले तर लाखो होतात, हे त्या बाईंनी ओळखले. दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय मालिकेत हा विषय आला, तिच्यातील नट जॅक क्लगमन याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष दिली, आणि ४ जानेवारी १९८३ रोजी 'अनाथ औषधांच्या कायद्या'वर अध्यक्ष रेगन यांची सही झाली. दोन लाखांहून कमी अमेरिकनांना होणाऱ्या रोगावर जो औषध काढील त्याला सात वर्षे एकाधिकार आणि करात सवलत, असा त्याचा गाभा. त्यापूर्वीच्या दशकात उद्योगाने काढलेली अशी औषधे हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी होती. नंतर ती शेकड्यांनी आली.

या यशाच्या पोटातच पुढचा पेच होता, आणि चळवळीच्या गौरवगाथांत तो सहसा सांगितला जात नाही. एकाधिकार दिला तेव्हा किमतीवर अंकुश ठेवला गेला नाही. थोड्या रुग्णांकडून सारा खर्च आणि त्यावर नफा वसूल करायचा तर किंमत आकाशाला भिडणारच. आयांनी झगडून करवून घेतलेल्या कायद्याच्या आश्रयाने आज जगातील सर्वांत महाग औषधे विकली जातात. अनाथाला घर मिळाले. पण त्या घराचे भाडे कोणाला परवडेल हे ठरवण्याचे राहून गेले.

गोशेच्या रोगाचेच पाहावे. शरीरात जे विकर तयार होत नाही ते दर पंधरवड्याला शिरेतून द्यायचे, असा त्याचा उपचार १९९१ पासून उपलब्ध आहे. प्रारंभी हे विकर मानवी वारेतून काढीत. पुढे ते प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतले जाऊ लागले. उपचार गुणकारी आहे. मुलाचे पोट उतरते, रक्त सुधारते, ते वाढू लागते. परंतु मात्रा वजनावर ठरते. मूल जसजसे बाळसे धरील तसतसे औषध महाग होत जाते. मुलाचे वजन वाढल्याची धास्ती वाटावी, असा हा एकच रोग असेल.

न्यायालय, धोरण आणि पन्नास लाख

भारतात हा प्रश्न ऐरणीवर आणला तो दिल्लीतील एका सायकलरिक्षा ओढणाऱ्याने. त्याची आधीची मुले याच रोगाने गेली होती. सात वर्षांच्या मुलाच्या उपचाराला महिन्याला चार लाख ऐंशी हजार रुपये लागणार होते. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल २०१४ मध्ये न्या. मनमोहन यांनी निकाल दिला. कोणी गरीब आहे एवढ्याच कारणाने राज्याला त्याला मरू देता येणार नाही, असा त्याचा आशय होता. आणि दिल्ली सरकारने त्या मुलाचा उपचार करावा असा आदेश. त्या रिक्षावाल्याच्या नावाने कोठे पुतळा नाही, पुरस्कार नाही. पण त्यानंतर देशात विरळ रोगांसंबंधी जे जे झाले त्याच्या मुळाशी तो खटला आहे.

जे झाले ते मात्र चढउताराचे आहे. २०१७ साली केंद्राने धोरण केले. खर्चाचा वाटा कोणी किती उचलायचा यावर राज्यांशी जमेना, तेव्हा २०१८ च्या अखेरीस ते बासनात गेले. ३० मार्च २०२१ रोजी नवे धोरण जाहीर झाले. त्यात रोगांचे तीन गट पाडले: एकदाच्या उपचाराने बरे होणारे, थोड्या खर्चाचे पण दीर्घ उपचार लागणारे, आणि उपचार आहे पण तो अतिमहाग व आजन्म आहे असे. पहिल्या गटाला वीस लाखांपर्यंत मदत. तिसऱ्या गटाला, म्हणजे ज्यांना गरज सर्वांत अधिक त्यांना, दात्यांच्या वर्गणीचा रस्ता दाखवण्यात आला. टीका झाली, पालकांच्या संघटना पुन्हा उभ्या राहिल्या, आणि मे २०२२ मध्ये तिन्ही गटांसाठी पन्नास लाखांची मर्यादा ठरली.

पन्नास लाख ही रक्कम ऐकायला मोठी आहे. येवल्यातील एखाद्या विणकराला ती आयुष्यभरात दिसणार नाही. पण दिल्लीच्या त्या मुलाचाच २०१४ मधला दर लावला तर ती साडेदहा महिन्यांत संपते. रोग जन्मभराचा आणि मदत दहा महिन्यांची. अकराव्या महिन्यात काय करायचे याचे उत्तर धोरणात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला पुन्हा मध्ये पडून विरळ रोगांसाठी राष्ट्रीय निधी स्थापण्याचा आणि त्यात दोन आर्थिक वर्षांसाठी ९७४ कोटी रुपये ठेवण्याचा आदेश द्यावा लागला, तो यामुळेच. न्यायालयाचा आदेश आणि रुग्णाच्या शिरेत टोचलेली सुई यांमध्ये किती टेबले असतात, हे या वाचकवर्गाला ठाऊक आहे.

या उणिवेतूनच वर्गणीचा मार्ग रुळला. २०२१ च्या आरंभी मुंबईतील पाच महिन्यांच्या एका बालिकेसाठी एसएमएवरील सोळा कोटी रुपयांचे एक इंजेक्शन लोकवर्गणीतून आणले गेले. त्यावरील कर आणि आयातशुल्क यांचे सुमारे सहा कोटी केंद्राने माफ केले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या दुसऱ्या एका बालिकेला तेच औषध जूनमध्ये मिळाले. ऑगस्टच्या पहिल्या दिवशी ती गेली. लोकांनी दिले ते मनापासून दिले, त्यात खोट काढण्याचे कारण नाही. खोट आहे ती मार्गात. वर्गणी चेहऱ्याला मिळते. गोंडस तान्ह्या मुलाला ती मिळते; बावीस वर्षांच्या, चाकांच्या खुर्चीतल्या, चेहऱ्याचे स्नायू ओढले गेलेल्या तरुणाला मिळत नाही. शहरातल्या, इंग्रजीत लिहिणाऱ्या, नातेवाईक परदेशी असलेल्या आईबापांना मिळते. येवला तालुक्यातील पाटोद्याच्या किंवा अंदरसूलच्या शेतमजुराला मिळत नाही. एका मुलीसाठी कर माफ झाला ती कृपा होती. १ एप्रिल २०२३ पासून धोरणातील सर्व रोगांवरील, स्वतःच्या उपचारासाठी मागवलेल्या औषधांचे मूळ आयातशुल्क उठले, तो नियम झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये कर्करोग, विरळ रोग व इतर दुर्धर विकारांवरील छत्तीस औषधांचा जीएसटीही शून्यावर आला. वर्गणी गोळा करणारा आणि कैवारी यांतला भेद या दोन गोष्टींच्या अंतरात आहे.

किंमत हीच खरी वैरीण आहे आणि ती हलू शकते, याचा पुरावाही आता हाती आहे. टायरोसिनेमिया या विकारावरील निटिसिनोनचा वर्षाचा खर्च दोन कोटी वीस लाखांच्या घरात होता. भारतीय कंपन्यांनी ते औषध बनवले तेव्हा, २०२३ मध्ये, तो अडीच लाखांच्या आसपास आला. एसएमएवरील रिस्डिप्लामच्या एका बाटलीला सहा लाखांहून अधिक पडत. भारतीय कंपनीने ते बनवू नये म्हणून मूळ कंपनी न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हरली. बाटली सोळा हजारांच्या आत मिळू लागली. या लढ्यात औषधाची किंमत हा प्रश्न न्यायालयापुढे नेणाऱ्यांत स्वतः या रोगाने जखडलेली केरळची एक तरुणी होती. चाळीस पट आणि नव्वद पट अशा फरकांना नफा हा शब्द अपुरा आहे. अर्थात संशोधनाला पैसा लागतो हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो किती लागला याचा हिशेब कंपन्या देत नाहीत तोवर त्यांच्या तक्रारीला किती वजन द्यायचे, हा प्रश्न उरतोच.

हे सारे दिल्ली-मुंबईचे झाले. येवल्यासारख्या गावात कैवाराला पहिली अडचण येते ती पैशाची नव्हे, लाजेची. रोग आनुवंशिक म्हटला की तो घराण्याचा डाग ठरतो. थोरल्याचा रोग बाहेर कळला तर धाकटीचे लग्न जमणार नाही, म्हणून मूल घरातच ठेवतात. दोष सुनेच्या माथी मारला जातो. वस्तुतः यांतील बहुतेक रोगांत आई आणि बाप दोघेही एकेक सदोष जनुक बाळगून असतात, स्वतः निरोगी असतात, आणि दर खेपेला चारात एक या प्रमाणात मूल रोगी निपजण्याचा संभव असतो. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडे अजून आहे. दोघांचे आजोबा एकच असले की सदोष जनुकही एकच असण्याचा संभव वाढतो. हे विज्ञान दहावीच्या पुस्तकातील आनुवंशिकतेच्या धड्यापलीकडचे नाही. शिक्षकाने तो धडा शिकवताना मटारांच्या पुढे जाऊन एक उदाहरण घरातले दिले तर चालण्यासारखे आहे. त्याने वर्गात असलेल्या हिमोफिलियाच्या मुलाला कवायतीत धक्काबुक्कीपासून जपावे, सुजलेल्या गुडघ्याला आळशीपणा म्हणू नये, एवढे तर आजच करता येईल.

गावातील कैवाऱ्याचे काम फारसे दिमाखाचे नसते. यादी करणे हे पहिले काम. तालुक्यात असे रुग्ण किती, हे आज कोणत्याही एका कागदावर नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने राष्ट्रीय नोंदवही २०१७ साली सुरू केली, पण तिच्यात नाव जाते ते मोठ्या रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्याचेच. मग दाखले: ऑनलाइन अर्ज, नाशिकची तपासणी, त्रुटीचे पत्र, पुन्हा तपासणी. मग माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारणे की जिल्ह्यात घटकाच्या किती कुप्या आल्या आणि किती दिवस नव्हत्या. हे काम ज्याला अर्ज लिहिता येतो, जावक क्रमांक म्हणजे काय हे कळते, आणि चौथ्या खेपेलाही जो चिडत नाही त्याचे आहे. अशी माणसे शाळांत आणि कचेऱ्यांत आहेत. रुग्णाच्या बापापाशी प्रेम आहे, पण त्याला हे येत नाही. आणि माग बंद ठेवून तो रोज नाशिकला जाऊ शकत नाही, कारण माग बंद तर मजुरी बंद.

तूर्त एक मागणी तर उघड आहे. २०२१ च्या धोरणात जी आठ उत्कृष्टता केंद्रे नेमली त्यांत महाराष्ट्राचे एकच, परळचे केईएम. १९२६ पासून गोरगरिबांचा आधार असलेल्या या महापालिकेच्या रुग्णालयाने हे काम निष्ठेने उचलले यात शंका नाही. पण येवल्याहून मनमाड गाठायचे, तेथून पंचवटीने सुमारे अडीचशे किलोमीटर मुंबई, काही तास शिरेतून औषध, आणि परत. दर पंधरवड्याला, वर्षातून सव्वीस वेळा, दुबळ्या मुलाला कडेवर घेऊन. औषधाचा पैसा सरकारने दिला तरी या फेऱ्यांची मजुरी कोणी देत नाही, आणि पुष्कळ उपचार सुटतात ते येथे. रोगनिदान केईएमने करावे, पहिल्या मात्रा तेथे द्याव्यात, मुलाला औषध सोसते याची खात्री झाली की पुढच्या मात्रा नाशिकला द्याव्यात. औषध थंड पेटीतून प्रवास करू शकते. नाशिकला आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आहे; शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचेही ऑक्टोबर २०२४ मध्ये उद्घाटन झाले. शिरेतून औषध देणारी परिचारिका आणि लक्ष ठेवणारा बालरोगतज्ज्ञ एवढ्यावर हे भागते. हिमोफिलियाच्या बाबतीत नाशिकच्या जिल्हा रुग्णालयाने नेमके हेच दहा वर्षांहून अधिक काळ करून दाखवले आहे.